इंग्रजी वाक्य रचू इच्छिणाऱ्या प्रौढ जिज्ञासूंस हितोपदेश

ज्या सद्गृहस्थांची अर्धी हयात मराठीत सुखाने गेली आणि ज्यांना आता, विमानतळावरील खिडकीपाशी किंवा मुलाच्या परदेशस्थ साहेबासमोर दोन वाक्ये निभावून नेण्यापुरती का होईना, इंग्रजी भाषा नियमपूर्वक बोलण्याची इच्छा झाली आहे, अशांच्या उपयोगार्थ पुढील सूचना लिहिल्या आहेत. शब्द पाठ करण्याविषयी येथे काहीही सांगितलेले नाही. शब्द मराठी माणसाला उदंड ठाऊक असतात. टेबलापासून टॉर्चपर्यंत आणि अपॉइंटमेंटपासून ॲडजस्टमेंटपर्यंत तो ते दिवसभर वापरतो. अडते ते या शब्दांना एका ओळीत उभे करताना, आणि तेथे जी आडकाठी येते ती बुद्धीची कमी व स्वभावाची अधिक असते. मराठी व्याकरणाने आपल्याला काही सवलती पिढ्यान्‌पिढ्या बहाल केलेल्या आहेत. इंग्रजी वाक्यात पाऊल टाकताना त्या खालसा होतात. त्या कोणत्या, आणि त्या जाताना होणारा त्रास कसा सोसावा, एवढाच या लेखाचा विषय.

पुस्तकाविषयी फार चिकित्सा करू नये. तर्खडकरांची भाषांतरपाठमाला आजोबांच्या ट्रंकेत सापडली तर उत्तमच. न सापडल्यास रेन व मार्टिन यांचे जाडजूड व्याकरण शाळेजवळच्या कोणत्याही दुकानात मिळते. यांतले रेन साहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते, आणि पुढे फ्रेंचांच्या परदेशी पलटणीवर ‘बो जेस्ट’ नावाची कादंबरी १९२४ साली लिहून त्यांनी मोठे नाव कमावले. वाळवंटातील शौर्यकथा लिहिणाऱ्या लेखणीनेच क्रियाविशेषणांची वर्गवारीही केली, हे ध्यानात ठेवल्यास अभ्यासाला किंचित वीररस चढतो. पुस्तकाला खाकी कागदाचे वेष्टण घालावे, पहिल्या पानावर नाव व तारीख लिहावी आणि त्या दिवशी तेवढ्यावरच थांबावे. दुसऱ्या दिवशी नामांचे प्रकार वाचावेत. नामे सर्वांनाच येतात म्हणून तो पाठ सर्वांनाच आवडतो, आणि पुष्कळजण तो वर्षानुवर्षे नव्या उत्साहाने वाचतात. क्रियापदांच्या प्रकरणापासून पुढची पाने मात्र बहुतेक प्रतींत कोरी करकरीत आढळतात. आपल्याला नेमके तेथून आरंभ करावयाचा आहे.

पहिली सवलत सोडावयाची ती कर्त्याच्या गैरहजेरीची. इंग्रजी वाक्य म्हणजे जुन्या वळणाची मामलेदार कचेरी समजावी. पहिल्या रकान्यात अर्जदाराचे नाव भरल्यावाचून कोणताही कागद तेथे दाखल होत नाही. मराठीत ‘उजाडले’ एवढे म्हटले की सूर्यनारायणापासून कोंबड्यापर्यंत कोणाचीही साक्ष न काढता वाक्य पूर्ण होते. ‘मळमळते’ एवढे म्हटले की वैद्यबुवा पुडी बांधावयास घेतात. इंग्रजी कचेरीत असे निनावी अर्ज चालत नाहीत. आपल्याकडे पाऊस निदान स्वतः पडतो; तिकडे पाऊस हेच क्रियापद होऊन बसल्यामुळे ती क्रिया करणारा कोणीतरी दाखवावा लागतो, आणि तसा कोणीच नसल्यामुळे ‘इट’ नावाचा एक बनावट इसम रकान्यात बसवून ‘इट इज रेनिंग’ असे लिहून द्यावे लागते. हा ‘इट’ कोण, कोठला, त्याचा पावसाशी संबंध काय, असे कोणीही विचारत नाही. रकाना भरला, काम झाले.

याहून जड जाते ती स्वतःच्या नावाची हजेरी. मराठी माणसाला भूक लागते, ताप येतो, राग येतो, कंटाळा येतो, एखादी गोष्ट आवडते, एखादीचा विसर पडतो; या साऱ्या व्यवहारांत तो स्वतः ‘मला’ या रूपाच्या आड निर्धास्त बसलेला असतो आणि येणेजाणे, लागणेपडणे हा सगळा खटाटोप भूक, ताप व राग यांनीच चालवलेला असतो. इंग्रजीत मात्र ‘आय ॲम हंग्री’, ‘आय ॲम अँग्री’, ‘आय लाइक इट’, ‘आय फरगॉट’ असा प्रत्येक ठिकाणी ‘आय’ पुढे होऊन कबुलीजबाब देतो. स्वयंपाकघरात काहीतरी फुटल्याचा आवाज होतो, बाहेरच्या खोलीतून ‘काय झालं रे?’ अशी पृच्छा होते आणि क्षणभराच्या शांततेनंतर आतून उत्तर येते, ‘काही नाही गं आई, बशी पडली.’ बशी पडली. म्हणजे ती आपण होऊन फडताळातून निघाली, ओट्याच्या कडेशी आली आणि तिने देह ठेवला. फारच खोदून विचारले तर ‘माझ्या हातून फुटली’, म्हणजे अपराध झालाच असेल तर तो हाताचा. इंग्रजीतही ‘द सॉसर फेल’ असे म्हणण्याची पळवाट आहे, हे चतुर विद्यार्थ्याच्या लवकरच ध्यानात येईल; परंतु आरंभीच्या काळात तिचा आश्रय करू नये. ‘आय ब्रोक द सॉसर’ हेच वाक्य सकाळ-संध्याकाळ, ताठ बसून, स्पष्ट स्वरात म्हणावे. त्यासाठी बशी फोडलीच पाहिजे असे नाही.

दुसरी सवलत क्रियापदाच्या जागेची, आणि माझ्या मते सगळ्या अभ्यासातली ही सर्वांत मोठी अडचण. मराठीत क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते आणि नकार बहुधा त्याच्याही मागून येतो, त्यामुळे होय की नाही याचा निकाल शेवटच्या अक्षरापर्यंत राखून ठेवता येतो. वाण्याकडे मागची बाकी थकली आहे, शेठजी चोपडी उघडून चष्म्यावरून पाहत आहेत, तागडी स्थिर आहे, अशा प्रसंगी ऋणको बोलू लागतो: ‘शेठ, तुमचे मागच्या महिन्याचे सगळेच्या सगळे पैसे मी उद्या सकाळी दुकान उघडल्याबरोबर आणून...’ येथे तो थांबतो, खोकतो आणि शेठजींची मुद्रा न्याहाळतो. मुद्रा कठोर दिसली तर ‘देतो’; थोडी निवळलेली दिसली तर ‘देणार होतो, पण’; आणि शेठजी चक्क हसले तर ‘द्यावेत असा विचार आहे’. बाकीचे सर्व वाक्य तिन्ही प्रसंगी तेच, एका अक्षराचाही फरक नाही. हाच गृहस्थ इंग्रजीत ‘आय’ म्हणून तोंड उघडतो न उघडतो तोच दुसऱ्या शब्दाला त्याला ‘विल’, ‘वुड’ किंवा ‘कॅनॉट’ यांपैकी एक काहीतरी पत्करावे लागते. पैसे, उद्या, सकाळ, दुकान ही मंडळी फैसला होऊन गेल्यावर रांगेने येतात आणि त्यांना सांगण्याजोगे काही उरलेले नसते. यावर उपाय एकच: तोंड उघडण्यापूर्वी आपल्याला काय म्हणावयाचे आहे ते ठरवून घ्यावे. उपाय कठोर आहे. आपल्या जाहीर सभांतून तो लागू केला तर आभारप्रदर्शन सूर्यास्तापूर्वी उरकेल, आणि मग मंडळींनी संध्याकाळी करावयाचे काय, हा प्रश्न उभा राहील.

शब्दांना वाटेल त्या ठिकाणी बसवण्याचे स्वातंत्र्य ही तिसरी सवलत. ‘रामाने रावणास मारले’ हे वाक्य पंतोजींचे. ‘रावणास रामाने मारले’ हे वाद घालणाऱ्याचे. आणि ‘मारले, मारले रावणास रामाने!’ हे कीर्तनकाराचे. तिन्हींत रावणच मरतो, कारण विभक्तीचे प्रत्यय ज्याच्या त्याच्या अंगावर शिवलेले आहेत. इंग्रजी नामांनाही हजारेक वर्षांपूर्वी असे प्रत्यय होते. ते कालांतराने झडून गेले आणि ‘ही’ व ‘हिम’ यांसारख्या सर्वनामांत तेवढे त्यांचे अवशेष राहिले. आता ‘राम किल्ड रावण’ या वाक्यात कोण मेला हे केवळ जागेवरून ठरते, आणि बोलण्याच्या ओघात विद्यार्थ्याने दोन नावांची अदलाबदल केली तर चौदा वर्षांचा वनवास, सेतुबंधन आणि वानरसेनेचे श्रम एका क्षणात वाया जातात. म्हणून आरंभी ठसक्यासाठी शब्द मागेपुढे करण्याच्या फंदात पडू नये. कर्ता, क्रियापद, कर्म, आणि मग स्थळकाळ, हा क्रम सोडू नये. याच्या मोबदल्यात एक मोठी सूट मिळते, तीही सांगितली पाहिजे. आपल्याकडे आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले, असे भूतकाळी क्रियापदाला खाद्यपदार्थाचे लिंग विचारावे लागते. इंग्रजी ‘एट’ काहीही न विचारता सर्व खाते.

आता कचेरीतील कारकुनांकडे वळू. मुख्य क्रियापद हा हुद्द्याने साहेब, परंतु प्रश्न विचारणे आणि नकार देणे ही कामे साहेब स्वतः करत नाही. कागद ‘डू’ नावाच्या कारकुनाकडे जातो आणि ‘डू यू गो?’ किंवा ‘आय डू नॉट गो’ असा त्याच्या सहीने बाहेर पडतो. भूतकाळाचा शिक्का उमटवण्याचा अधिकारही मग कारकुनाकडेच येतो. तो ‘डिड’ झाला की साहेबाने मूळ रूपात स्वस्थ बसावयाचे: ‘डिड ही गो?’ हे शुद्ध. ‘डिड ही वेंट?’ यात एकाच कागदावर दोन शिक्के उमटले. दोन शिक्क्यांचा कागद आपल्याकडे अधिक अस्सल मानतात, त्यामुळे ही चूक आपल्या हातून विशेष आत्मविश्वासाने होते. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ आठवीपर्यंत लांबवला होता, आणि २००० सालापासून महाराष्ट्रात तो पहिलीपर्यंत खाली आणला. ‘डिड ही वेंट’ मात्र दोन्ही पिढ्यांनी सारख्याच निष्ठेने सांभाळले आहे.

वर्तमानकाळातील ‘एस’ हे प्रकरण छोटे, पण उपद्रवी. आपण जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात अशी रूपे बिनचूक चालवतो, आणि जेथे केवळ तृतीयपुरुषी एकवचनाला एक ‘एस’ लावावयाचा तेथे हमखास विसरतो. यासाठी एक खूण सांगून ठेवतो: ‘बॉइज गो’ आणि ‘बॉय गोज’. साध्या नामाच्या व क्रियापदाच्या जोडीत ‘एस’ एकाच्याच वाट्याला येतो. नामाने घेतला तर क्रियापदाला नाही, क्रियापदाने घेतला तर नामाला नाही. भावाभावांच्या वाटणीत एवढा सरळ निकाल कधी लागलेला ऐकिवात नाही.

अनियमित क्रियापदे पाढ्यांप्रमाणे पाठ करावीत, दुसरा मार्ग नाही. प्रारंभ ‘कट, कट, कट’ आणि ‘पुट, पुट, पुट’ यांनी करावा, कारण ती पॅसेंजर गाडीच्या तालावर म्हणता येतात आणि तिन्ही रूपे आल्याचा आनंद विनासायास मिळतो. ‘गो, वेंट, गॉन’ पाशी आल्यावर थबकू नये. ‘वेंट’ हे मूळचे ‘वेंड’ या निराळ्याच क्रियापदाचे भूतकाळी रूप. ‘गो’ने ते बळकावले आणि ‘वेंड’ला ‘वेंडेड’ असे नवे रूप करून घ्यावे लागले. वहिवाटीने हक्क कसा शाबीत होतो हे ज्यांना जमिनीच्या दाव्यांवरून ठाऊक आहे, त्यांना हे समजण्यास अडचण पडू नये. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असे म्हणू नये. भाऊ असणे ही चालू क्रिया नव्हे, कितीही वेळ चालली तरी. ‘आय ॲम नोइंग’ हेही याच न्यायाने बाद.

‘शॅल’ व ‘विल’ यांचा वाद कोणी काढल्यास घाबरू नये. कोणत्या पुरुषाला ‘शॅल’ आणि कोणत्या पुरुषाला ‘विल’, याचा निवाडा जॉन वॉलिस यांनी १६५३ साली आपल्या इंग्रजी व्याकरणात नोंदवला. हे गृहस्थ ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक होते, अनंताचे आडव्या आठासारखे चिन्ह पुढे दोन वर्षांनी त्यांनीच गणितात आणले, आणि त्यांचे हे व्याकरण परकीयांसाठी असल्यामुळे लॅटिन भाषेत लिहिलेले होते. तात्पर्य, इंग्रजी भाषेचा हा नियम एका गणितज्ञाने लॅटिनमध्ये परक्यांना सांगितला. सामान्य इंग्रज माणूस आज बहुतेक ठिकाणी ‘विल’ म्हणून मोकळा होतो. आपणही तसेच करावे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले त्यापूर्वी कित्येक शतके लोक बरे मराठी बोलतच होते, हेही प्रतिपक्षाच्या निदर्शनास आणावे.

‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांविषयी या लेखात काही सांगत नाही. ती विद्या आयुष्याच्या उत्तरार्धात हाती घेण्याजोगी नव्हे.

राहिला सराव. तो घरातील इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांबरोबर करू नये. ती चूक तत्काळ दाखवतात, पण नियम विचारला की ‘असंच म्हणतात, आजोबा’ यापलीकडे त्यांना काही सांगता येत नाही. ज्याने पदपरिस्फोट आणि वाक्यपृथक्करण यांत बालपण घालवले त्याला हे उत्तर अत्यंत अशास्त्रीय वाटते, आणि दुःखाची गोष्ट ही की मुलांचे वाक्य बरोबर असते. त्यापेक्षा रोज अर्धा तास वही घेऊन एकांतात बसावे आणि दिवसभरात जे जे घडले, आवडले, विसरले, फुटले ते ‘आय’पासून आरंभ करून लिहावे. ‘एस’ राहिला तर राहू द्या, ‘द’ चुकला तर चुकू द्या, ‘शॅल’ला सुटी द्या, परंतु वाचकहो, एवढी एक विनंती मान्य करा, की ‘डिड’नंतर ‘वेंट’ लिहू नका.