चटणी परिमंडळ

घरबसल्या ऑनलाइन चटण्या विकणाऱ्या नणंद-भावजयीच्या भागीदारी फर्मवर सरकारचा केवढा विश्वास! वेष्टनांची चित्रे काढणाऱ्या फ्रीलान्सरला वर्षात 60,000 रुपये दिले. मर्यादा 50,000 ची. साहजिकच दहा टक्के टीडीएस, म्हणजे 6,000 रुपये, कापून सरकारजमा करण्याचा मान त्यांच्याकडे आला. मानधन शून्य.

टॅन काढायचा, दर तिमाहीला विवरणपत्र भरायचे. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये. मात्र हे शुल्क कराच्या रकमेपुढे जात नाही. तिसाव्या दिवशी 6,000 भरले की शासन कनवाळूपणे थांबते.

एवढे केलेच आहे, तर फडताळावर ‘आयकर विभाग, चटणी परिमंडळ’ अशी पाटी आणि गाडीला दिवाही द्यावा.

हे निस्तरायला सीए नेमला. त्याची वर्षाची फी 50,000 च्या वर गेली, की तिच्यातूनही दहा टक्के कापायचे. त्याचे विवरणपत्र सीएच भरतो. फी वेगळी.