आ करा! अर्थात दंतव्यवसायातील नेतृत्व

चकचकीत हॉटेलात भरणाऱ्या कार्यशाळेत नेतृत्व शिकवतात. पण डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ, पहिल्या मजल्यावर, एका खुर्चीच्या दवाखान्यात नेतृत्व नक्की कोणाचं करायचं, हे तिथे कोणी सांगत नाही. सबब ही नियमावली.

नियम १. बाजारपेठ ओळखावी. जीएसटी भवनातले साहेब जेवणाच्या सुट्टीत येतात. मार्चअखेर मात्र त्यांचे दात दुखत नाहीत. माझगाव डॉकवाले पाळी सुटल्यावर येतात. रमजानात इफ्तारनंतरची वेळ राखून ठेवावी. डिसेंबरात म्हातारपाखाडीची आंटी एका हातात नाताळचे कुलकुल खाताना निघालेली कॅप आणि दुसऱ्या हातात आपल्यासाठी कुलकुलचाच डबा घेऊन येते. डबा घ्यावा. कॅप पुन्हा चिकटवण्याच्या पैशांचा विषय तिथेच संपतो.

नियम २. अधिकार वाटून द्यावेत. मी दिले. आता माझी रजा माझी मदतनीस मंजूर करते. कोणाची उधारी आहे, कोणाला मधुमेह, कोण सुई पाहून घेरी येऊन पडतो, हे सगळं तिला तोंडपाठ. तिचा पगार वेळेवर द्यावा. नेतृत्वावरचे बाकीचे ग्रंथ नाही वाचले तरी चालतील.

नियम ३. हिशेब आधी, ड्रिल नंतर. ठणका लागलेला माणूस आपल्याला देव मानतो. पहिल्या बैठकीत नस काढली की ठणका थांबतो, आणि पेशंट यायचाही थांबतो. मग एक दिवस कॅप न बसवलेली दाढ चण्यावर दुभंगते आणि तो येऊन ऐकवतो, ''डॉक्टर, तुमचं रूट कॅनाल काही टिकलं नाही हो!'' म्हणून रूट कॅनाल आणि कॅप मिळून किती, ते दाढ उघडण्याआधीच कागदावर लिहून द्यावं. देवाला दक्षिणा आधीच मिळालेली बरी.

नियम ४. स्पर्धेला भिऊ नये. मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय, सेंट जॉर्जेसच्या आवारात सरकारी. तिथले दर पेशंटला पाठ असतात. घासाघीस न करता म्हणावं, ''जा, चांगलं करतात.'' काही रांग बघून परत येतात. बाकीच्यांचं काम तिथे नीट होतं. नुकसान कोणाचंच नाही.

नियम ५. १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केलेल्या हत्यारांचं पाकीट पेशंटच्या डोळ्यांदेखत फाडावं. याहून स्वस्त जाहिरात नाही.

नियम ६. तोंडात कापूस कोंबून ''मुलगा काय करतो?'' विचारू नये.

नियम ७. दात काढला त्या रात्री स्वतः फोन करावा. ''रक्त थांबलं ना?'' एवढंच विचारावं.

नियम ८. ''काही करायची गरज नाही,'' हे म्हणायला शिकावं. कार्यशाळेत याला बुडालेलं उत्पन्न म्हणतील. पण दाढेवरचा काळा ठिपका दाखवायला घाबरत आलेल्या माणसाला ''नुसता डाग आहे, राहू द्या,'' सांगून घरी पाठवलं, की तो जिना उतरेपर्यंत चौघांना सांगतो. पुढच्या आठवड्यात त्याची बायको येते, मेहुणा येतो, शेजारी येतात. अडचण एवढीच, की त्या सगळ्यांनाही तेच ऐकायचं असतं.