पंखा बंद ठेवा

रांगोळीच्या खोलीतला पंखा बंद ठेवायला एक माणूस लागतो. युवा महोत्सवाच्या नियमपुस्तिकेत हा माणूस कुठेही नाही. मूकनाट्याला ६ कलाकार आणि ५ मिनिटं, एकांकिकेला ९ कलाकार आणि ३० मिनिटं, स्थळचित्रणाला अडीच तास, स्पर्धकाचं वय २५च्या आत, असं सगळं तिथे लिहिलेलं असतं. पंख्याचं मात्र कोणी लिहीत नाही. आमच्या कॉलेजात ते काम पावतीसर बघतात.

नाव अर्थातच मुलांनी ठेवलेलं. समोर कोणीही आलं की नमस्काराच्या जागी सरांचं ‘पावती घेतली का?’ असतं. मेकअपवाला असो, ढोलकी भाड्याने देणारा असो, चहावाला असो. एका मुलीने रांगोळी शेजारच्या आजीकडून फुकट आणली, म्हणून सांगितलं. सर म्हणाले, “आजीची सही आण.”

सर अकाउंट्सचे. नोकरीच्या अर्जात ‘छंद’ या रकान्यात त्यांनी कधीकाळी ‘संगीत ऐकणे’ असं लिहिलं होतं. तेवढ्या भांडवलावर प्राचार्यांनी त्यांना सांस्कृतिक विभागप्रमुख केलं. पुढे चार प्राचार्य बदलले, पण तो रकाना कोणी खोडला नाही. संघात मुली असल्या की बरोबर एक महिला प्राध्यापक लागते, म्हणून सहा वर्षं मीही जाते आहे. मी मराठी शिकवते, त्यामुळे कलेतलं आपल्याला थोडंफार कळतं असा माझा समज होता. सरांनी पहिल्याच वर्षी तो उतरवला.

सरांच्या मते ललित कला तीन प्रकारच्या असतात: पंखा चालू, पंखा बंद आणि ओलं फडकं. स्थळचित्रण, भित्तिचित्र हे चालूमधले. रंग वाळायला हवा. चिकटकला बंदमध्ये, कारण जुन्या मासिकांची कात्रणं बघता बघता शेजारच्या कॉलेजच्या कागदावर जाऊन बसतात. मातीकामाला ओलं फडकं. व्यंगचित्राला काहीही चालतं, आणि म्हणूनच ती कला सरांना जरा कमी दर्जाची वाटते. पुढे मांडणशिल्प आलं तेव्हा मात्र सर हादरले. भंगारातल्या वस्तू मांडून शिल्प करायचं याला त्यांची हरकत नव्हती. “पण भंगारवाला पावती देत नाही हो, मॅडम.”

रंगमंचावरचे प्रकार सर घड्याळात बघतात. विंगेत उभे राहतात, ते रंगमंचाकडे पाठ करून. नाहीतर लक्ष विचलित होतं म्हणे. आमच्या एकांकिकेचा दिग्दर्शक भलताच तयारीचा पोरगा. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३पासून चालू आहे इथपासून तो बोलायला सुरुवात करायचा आणि तालीम दहाला संपायची. तालमीनंतर सर त्याला म्हणाले, “आई सतराव्या मिनिटाला मरते. तिला चौदाव्याला मार.”

“सर, तो नाटकाचा आत्मा आहे!”

“असू दे की. पण आत्मा एकतिसाव्या मिनिटाला निघाला तर बाद धरतात.”

आई चौदाव्याला गेली. एकांकिका दुसरी आली, आणि परीक्षक भाषणात खास म्हणाले की आईचा मृत्यू नेमक्या क्षणी येतो. दिग्दर्शकाने ती दाद मान तुकवून स्वीकारली. सर त्या वेळी दिव्यांच्या वायरी मोजून पोत्यात भरत होते.

त्याच पोराने एकदा सरांना फिरोदिया करंडकाबद्दल सांगितलं. १९७४पासूनची स्पर्धा, एकाच नाटकात नाच, गाणं, वाद्यं, आणि प्रयोग चालू असतानाच रंगमंचावर कोणी चित्र काढतंय, कोणी रांगोळी घालतंय, ते सगळं गोष्टीत गुंफलेलं. पोराचे डोळे चमकत होते. सर कधी नव्हे ते गप्प झाले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “नाटकात चित्र आणि रांगोळी एकदम? मग पंखा चालू की बंद?”

त्या प्रश्नाचं उत्तर दिग्दर्शकाकडे नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. असंच एकदा मी फुशारकीने सांगितलं की देशातला पहिला आंतरविद्यापीठ युवा महोत्सव १९५४ साली दिल्लीत भरला होता, तालकटोरा बागेत. “उघड्या बागेत?” सर म्हणाले. “वाऱ्याचं काय केलं असेल हो त्यांनी?”

सर्वसाधारण विजेतेपद गुणांवर ठरतं, म्हणून अर्जातला एकही रकाना रिकामा सोडणं सरांना हिशेबात तूट आल्यासारखं वाटतं. माणूस नसेल तर ते तयार करतात. मातीकामाला कबड्डीच्या संघातला एक आडदांड गडी पाठवला, “माती त्याच्या ओळखीची आहे” म्हणून. पाश्चिमात्य समूहगानाला हरिपाठातले सहा जण उभे केले. ते गायलेही बरे, फक्त प्रत्येक कडव्याच्या शेवटी त्यांचे हात आपोआप टाळ वाजवायला वर जात होते.

आता त्या रांगोळीचं. दोन वर्षांपूर्वीचा जिल्हा महोत्सव, ऑक्टोबरचा उकाडा, पहिल्या मजल्यावरचा वर्ग. बाकं भिंतीला लावून फरशीवर खडूने चौकोन आखलेले. विषय मिळाला ‘म्हातारपण’. आमची पोरगी दुसऱ्या वर्षाची. नाकातोंडावर ओढणी बांधून बसली होती, कारण श्वासानेही कड मोडते. तिने एका आजीचा चेहरा धरला होता. गालावरची सुरकुती ती चिमटीने टाकत नव्हती. आधी उजळ रंग पसरायचा, वरून गडद पूड चहाच्या गाळणीतून भुरभुरवायची, आणि मग करंगळीने इतकं हलकेच ओढायचं की रंग सरकला की सावली, ते कळू नये. मी पाच मिनिटं बघत उभी राहिले आणि माझाच श्वास अडकला.

सर मात्र बटणांच्या फळ्याला पाठ लावून उभे होते. पंख्याच्या बटणावर त्यांनी चिकटपट्टी मारली होती आणि वर ‘हात लावू नये’ लिहून खाली सही केली होती. अर्ध्या तासाने परीक्षक घाम पुसत आले. “जरा पंखा लावा हो.”

“नाही जमणार, साहेब.” एवढं बोलून सरांनी बगलेतली फाइल काढली आणि परीक्षकांना स्वतः वारा घालायला लागले, पण कसा, तर त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करून. शेजारच्या कॉलेजच्या व्यवस्थापकांनी लगेच हरकत घेतली, हे परीक्षकांना खूश करणं चाललंय म्हणून. सरांनी त्यांनाही भिंतीशी उभं केलं आणि त्यांनाही वारा घातला.

तेवढ्यात खालच्या मंचावर आमचं मूकनाट्य झालं. टाळ्या वरपर्यंत ऐकू आल्या. मी ते बघायला खाली उतरले होते, ती जिना चढून धापा टाकत वर गेले. “सर, काय झालं माहितीये का! सगळे उभे राहिले!”

“किती?”

“सगळे हो, अख्खा मंडप!”

“मिनिटं किती, मॅडम?”

“चार पन्नास.”

“मग बरोबर,” म्हणून ते पुन्हा फाइल हलवायला लागले.

संध्याकाळी निकाल लागला. मूकनाट्य पहिलं. कबड्डीवाल्याला मातीकामात तिसरा क्रमांक, यावर अजून कोणाचा विश्वास बसलेला नाही. रांगोळीला काहीच नाही. पोरगी दहा मिनिटं रडली आणि मग मूकनाट्यवाल्यांबरोबर नाचायला गेली. गाडी निघायची वेळ झाली तरी सर सापडेनात. शोधत शोधत पहिल्या मजल्यावर गेले, तर शिपाईमामा केरसुणी घेऊन दारात उभे आणि सर आत.

“बाकीच्या झाडून झाल्या, ही एकच ऱ्हायलीय,” मामा म्हणाले. “लई उकडतंय, पंखा लावू का?” आणि त्यांनी हात पुढे केला.

“थांबा!” सर असे धावले की मामांच्या हातून केरसुणी पडली. “मॅडम, फोटो काढा. अहवालाच्या फाइलला लागतो.”

मी फोटो काढला. सरांनी तो बघितला नाही. ते चौकोनाच्या कडेला उकिडवे बसले होते, आजीच्या चेहऱ्याकडे बघत. मामा एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. खालून गाडीचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. मग सरांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं, काहीतरी वाचलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि बटणावरची चिकटपट्टी नखाने सोलून काढली. तिची गोळी करून खिशात टाकली.

“लावा आता,” ते मामांना म्हणाले. “पाचवर लावा.”