पुंगळ्या कोण वेचणार?

निवृत्त पोलिस अधिकाऱ्याला सोसायटीत दोनच कामं मिळतात. पार्किंगची भांडणं मिटवायची आणि गणपतीच्या मांडवात पुढच्या खुर्चीवर बसून ‘आमच्या वेळी’ अशी सुरुवात करायची. आमच्या इमारतीतल्या फौजदारकाकांनी स्वतःसाठी तिसरं काम शोधलं. रात्रीची जेवणं उरकली की ते कानाला हेडफोन लावतात, मोबाइल आडवा धरतात आणि तीन पोरांबरोबर विमानातून उडी टाकतात.

गेमचं नाव बीजीएमआय. २०२० च्या सप्टेंबरात पब्जी म्हणून बंदी, २०२१ च्या जुलैत नवं नाव घेऊन हजर, २०२२ च्या जुलैत पुन्हा गायब आणि २०२३ च्या मेमध्ये परत दाखल. नाव बदलून हद्दीत येणारे तडीपार काकांनी नोकरीभर पाहिले. त्यामुळे हा गेम त्यांना पहिल्याच रात्री ओळखीचा वाटला.

सोबतची तीन पोरं म्हणजे एक आयटीवाला, एक सीएच्या परीक्षेला पुन्हा पुन्हा बसणारा आणि तिसरा पीएसआयच्या परीक्षेची तयारी करणारा. हा तिसरा रात्री दीडपर्यंत फौजदाराबरोबर खेळतो आणि घरी सांगतो, मुलाखतीचा सराव चाललाय.

बंदुकांबाबत पोरांचं ज्ञान अफाट आहे. कुठल्या बंदुकीला किती झटका, कुठल्या दुर्बिणीतून किती लांबचं दिसतं, हेल्मेटवर किती गोळ्या लागल्या की माणूस आडवा, सगळं तोंडपाठ. काकांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “आणि ही साफ कोण करतं?” पलीकडे शांतता. पुल-थ्रू, चिंदी, तेलाची बाटली असलं काही तिथल्या नकाशावर पडलेलं सापडत नाही. शंभर माणसं दिवसभर गोळ्या झाडतात आणि एकाचीही नळी काळी होत नाही.

मग काकांनी दारूगोळ्याची तपासणी सुरू केली. गेममध्ये ७.६२ लिहिलेली एकच गोळी एकेएममध्ये चालते, एसएलआरमध्ये चालते आणि जर्मन कार नाइन्टी एटमध्येही चालते. खऱ्या एकेच्या गोळीची पुंगळी ३९ मिलिमीटर लांब, एसएलआरची ५१, आणि ती जर्मन माउझर तर मुळात ७.९२ ची. “एकाच पोत्यातून सगळ्यांना धान्य,” काका म्हणाले, “हे शस्त्रागार न्हाई, रेशनचं दुकान हाय.” एसएलआर हातात आल्यावर तर प्रकरण थेट चौकशीवर गेलं. मॅगझिनमध्ये गोळ्या निघाल्या दहा. खात्यात वीस असायच्या. “उरलेल्या दहा कुणी खाल्ल्या?” या प्रश्नाचं उत्तर गेम बनवणाऱ्या कोरियन कंपनीकडून अजून यायचंय. मधल्या काळात पोरांनी सांगितलं की मोठं मॅगझिन वेगळं शोधावं लागतं. काकांना ते पटलं. खात्यातही मागणीपत्राशिवाय काही मिळत नसे.

सायलेन्सर हा दुसरा वादाचा विषय. पोरांच्या समजुतीप्रमाणे सायलेन्सर लावला की बंदूक फुस्स करते. काका म्हणतात, तसं फक्त सिनेमात होतं. आवाज कमी होतो, जात नाही, आणि रायफलची गोळी आवाजापेक्षा जोरात पळत असल्यानं हवेत तिचा कडाका फुटतोच. तव्याबद्दल मात्र ते बोलत नाहीत. गेममध्ये पाठीला लटकवलेला तवा गोळी अडवतो. असा तवा खरंच निघाला असता तर खात्यात त्याचीही निविदा निघाली असती, एवढंच मला वाटतं.

कायद्याचं तर विचारूच नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यानं परवानाधारकाला दोनच शस्त्रं बाळगता येतात, आधी तीन चालायची. पोरांच्या अंगावर दोन रायफली आणि कमरेला पिस्तूल. काका प्रत्येक सामन्यात पिस्तूल टाकून देतात. पोरांना वाटतं म्हाताऱ्याला बटण सापडत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. एकेएमचा घोडा दाबून धरला तर तीस गोळ्या तीन सेकंदांत संपतात. आयटीवाला पोरगा अशी मॅगझिनंच्या मॅगझिनं झाडावर रिकामी करतो. कारण विचारलं तर म्हणतो, तिथं काहीतरी हललं. त्यानं एका शनिवारी झाडल्या असतील तेवढ्या गोळ्या काकांनी उभ्या नोकरीत झाडल्या नाहीत. वर्षाकाठी सराव व्हायचा, झाला तर. हातात मोजून दिलेल्या गोळ्या, आणि फायरिंग संपलं की खरी परीक्षा सुरू. पुंगळ्या वेचायच्या. जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढ्या पुंगळ्या परत भरायच्या, रजिस्टरला नोंद, सही. एक कमी भरली की पोटं सुटलेली अख्खी तुकडी गवतात ओणवी. “नेम चुकला तर साहेब नुसता बघायचा,” काका सांगतात, “पुंगळी चुकली तर लिहून द्यायला लागायचं.” पोरांनी विचारलं, गेममध्ये एवढ्या पुंगळ्या उडतात, त्या कोण वेचतं? हाच प्रश्न काका त्यांना विचारणार होते.

हसू येतं, पण या हिशेबाची दुसरी बाजू हसण्यासारखी नाही. २६/११ नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीनं पोलिसांच्या गोळीबार सरावाची आणि त्यासाठीच्या दारूगोळ्याची टंचाई अहवालात नोंदवली होती. सरकारनं आपल्या पोलिसाला गोळी वाणसामानासारखी मोजून दिली आणि समोर एके उभी राहिली तेव्हा त्यानं ती कशी वापरली, याची समिती नेमली. आयटीवाल्यानं एकदा थ्री नॉट थ्रीची चेष्टा केली. दर गोळीला बोल्ट वर, मागे, पुढे, खाली, असली बंदूक कोण वापरतं म्हणाला. काकांनी आवाज चढवला नाही. तेव्हाच्या सीएसटी स्टेशनात दोघांच्या हातात एके होत्या आणि समोरच्या पोलिसांच्या हातात हीच, एवढंच म्हणाले. आणि गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळ्यांच्या हातात तर काठी होती. एकेची नळी त्यांनी धरून ठेवली म्हणून कसाब जिवंत सापडला. त्या रात्री पुढचा सामना उशिरा सुरू झाला, आणि तेव्हापासून आयटीवाला कार नाइन्टी एट सापडली की आधी काकांना हाक मारतो, कारण तिला बोल्ट आहे.

खेळाडू म्हणून काका सामान्य. नेम बरा, बोटं संथ. तरी पोरांना ते गटात हवेच असतात, कारण त्यांना नुसतं उभं राहता येतं. गेमच्या नकाशावरच्या पोचिंकी गावातल्या घरात तिघं खोल्या धुंडाळत असतात आणि काका जिन्याच्या तोंडाशी. हलत नाहीत, उगाच गोळी झाडत नाहीत. गणपती, मोहरम, निवडणुका आणि मंत्र्यांचे दौरे यांनी घडवलेलं हे कौशल्य कुठल्याही यूट्यूब चॅनेलवर शिकवत नाहीत. कुणाला गोळी लागली की तो किंचाळतो, “तिकडून, तिकडून!” काका लगेच जबाब घ्यायला बसतात. “तिकडून म्हणजे कुठनं? दिशा सांग. किती जण? पायी का गाडीत?” सीएवाला घायाळ होऊन रांगत असतानाही नीट उत्तरं द्यायला शिकलाय.

आणि त्याहून मोठी गोष्ट. निवृत्तीनंतर काकांचा फोन थंड पडला होता. आदल्या महिन्यापर्यंत ‘साहेब, साहेब’ करणारे नमस्कारालाही फिरकले नाहीत. खुर्चीची ओळख खुर्चीपाशीच राहते. या पोरांनी तर खुर्ची पाहिलीच नव्हती. त्यांच्यापैकी एक बिनदिक्कत ओरडतो, “काका, येड्यासारखं उघड्यावर काय पळताय?” साहेबाला असं ऐकवायची हिंमत खात्यात कुणाची झाली नसेल. काका खूश होऊन झाडामागे जातात.

काकूंची तक्रार एवढीच की हा माणूस नोकरीत रात्री घरी नसायचा आणि आता घरी असून नसतो. तिलाही उत्तर आहे. गेम २०२३ मध्ये परत आला तो प्रौढांना दिवसाला सहा तासांची मर्यादा घालून. काकांनी ती बातमी दोनदा वाचून दाखवली. बारा-बारा तासांची ड्युटी आणि सणासुदीला त्यावर कळस, यात आयुष्य गेलेल्या माणसाला सहा तासांनी घरी जा म्हणणारं कुणीतरी पहिल्यांदाच भेटलं होतं. आठ तासांच्या पाळीचा प्रयोग २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलिस ठाण्यापासून सुरू झाला, तो काकांच्या ठाण्यापर्यंत काही आला नाही. “बघ,” ते काकूंना म्हणाले, “खात्याला जमलं न्हाई ते कोरियावाल्यानं केलं.” आणि अजून साडेचार तास शिल्लक आहेत म्हणून विमानात जाऊन बसले.