काठावरचे वस्ताद

मातीवरच्या कुस्तीत दोन्ही खांदे मातीला टेकले की निकाल लागतो. त्यामुळे जोडीदाराने मागून कब्जा घेताच शहाणा मल्ल पालथा पडतो, छाती मातीत रुतवतो, कोपरे बरगड्यांशी आवळतो आणि काही केल्या उलथायचे नाही अशा निर्धाराने पडून राहतो. कुस्ती अशी थंडावली की काठावरच्या वस्तादांचे कार्य सुरू होते. हे गृहस्थ गावोगावच्या जत्रांत आणि शाहू महाराजांनी उभारलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात हमखास आढळतात. फेटा कडक, मिशी राखलेली, कान मात्र निर्दोष, आणि मातीत मान घासलेल्या मल्लाचे कान मोडलेले असतात हे जाणणारी मंडळी आधी कानच पाहतात.

“घुटना ठेव!” हा त्यांचा पहिला हुकूम, म्हणजे मानेवर गुडघ्याचा दाब द्यायचा, तो अमलात येण्यापूर्वीच “आरं, सवारी भर!” असा दुसरा सुटतो, म्हणजे मागून पाय अडकवून खालच्याचा पाय जखडायचा, आणि तिसरा, घिश्श्याचा, तर सगळे मैदानच ओरडत असते. या प्रत्येक डावाला बैठक वेगळी लागते, ही अडचण वस्तादांना काठावरून दिसत नाही. हौद्यातल्याला मात्र ठाऊक असते की पडून राहायचे ठरवलेल्या माणसाला नुसत्या ताकदीने उलथता येत नाही. त्याला आधी हलवावे लागते, मानेवर भार टाकून टेकूसाठी हात बाहेर काढायला लावावे लागते आणि तो हात सापडला की त्याच बाजूने फिरवावे लागते.

वस्तादांना इतिहासही मुखोद्गत असतो. १९१० साली लंडनमध्ये पोलंडचा झिबिस्को गामा पहिलवानांपुढे अडीच तासांहून अधिक काळ बहुतेक जमिनीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली, तेव्हा गामांचे नेमके कुठे चुकले हे ते आजही सांगू शकतात. १९२८ साली पतियाळात गामांनी त्याच झिबिस्कोला मिनिटाच्या आत चीत केले, हा भाग मात्र त्यांच्या कथनात क्वचितच येतो, कारण तेवढ्या वेळात सल्ला देण्यास वावच नव्हता.

अखेर पंच कुस्ती सोडवतात, वस्ताद दोन्ही मल्लांच्या खुराकाविषयी शंका व्यक्त करतात, आणि शेजारच्याने अदबीने “वस्ताद, आपली तालीम कुठली म्हणायची?” असे विचारावे, तर नेमकी त्याच वेळी पुढच्या जोडीची सलामी सुरू झालेली असते.