अण्णांना राग येत नाही

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले अण्णा कधीच रागावत नाहीत. हे त्यांनीच सांगितलंय, आणि एकदा नव्हे. "मी मनाला लावूनच घेत नाही," असं म्हणत ते खिशातून सूतशेखरची डबी काढतात.

मनाला लावून घेत नाहीत, हे खरं. ते खातं त्यांनी शरीराकडे सोपवलंय. गावच्या जमिनीच्या वाटणीवरून धाकट्या भावाचा फोन आला, की अण्णा "तू म्हणशील तसं" म्हणतात आणि फोन ठेवेपर्यंत अंगावर गांधी उठतात. कुणाचा फोन, हे काकू विचारत नाहीत; आधी आमसुलं भिजत घालतात. गांधी हातावरच थांबल्या तर भाऊ, मानेपर्यंत चढल्या तर भावजय. व्याही येऊन गेले की दोन दिवस मुगाची खिचडी. वार्षिक सभेत देखभाल खर्चाचा विषय निघाला की अर्धशिशी, तीही डावीकडची. खजिनदार त्याच बाजूला बसतात. सभा संपल्यावर "छान चर्चा झाली" म्हणणारे मात्र एकटे अण्णाच.

माझं विचाराल, तर चिडक्या माणसापेक्षा हा माणूस घराला महाग पडतो. चिडका निदान फुकट ओरडतो.

वरचा रक्तदाब दवाखान्यात १६०, घरी १३०. डॉक्टरांचा नुसता कोट बघून पुष्कळांचा दाब चढतो. अण्णांनी दवाखान्याचं यंत्र बिघडल्याचं जाहीर केलं.

शेवटी डॉक्टरांनी त्यांना एक खरी हकिकत सांगितली. १८२२ साली अमेरिकेत एका तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो जगला, पण जठराला भोक राहिलं ते राहिलंच. बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरने त्या भोकातून अनेक वर्षं पचन पाहिलं. तो तरुण संतापला की पोटातलं काम बिघडतं, हे बोमाँटला डोळ्यांनी दिसलं.

"पोटात कुणी रोज डोकावायला लागलं तर संतापेलच हो माणूस!" अण्णा म्हणाले. "माझ्या पोटात कोण डोकावतंय?"

"अण्णा, एकदा भावावर ओरडून तरी बघा."

"ओरडायला राग यावा लागतो, डॉक्टर."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि टेबलाच्या खणातली एक गोळी स्वतः चघळली.

परवा अण्णांच्या पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी लावून गेलं. "असू दे, तरुण पोरं आहेत," असं मला हसून सांगत ते जिना चढले. दार उघडताच काकूंचं लक्ष त्यांच्या कोपराकडे गेलं.

"दुसऱ्या मजल्यावरच्यांची गाडी का हो?"