मजुरीसाठी कर, मजुरीसाठीच उधारी

जालन्यात ज्याचं दुकान आहे, त्याने मालमत्ता कराचं बिल एकदा शेवटपर्यंत वाचावं. शिक्षण कराशेजारी आणखी एक ओळ सापडेल, रोजगार हमी कर. राहत्या घराच्या बिलात ती नसते, बिगरनिवासी मालमत्तेच्या बिलात असते. गाळा भाड्याचा असेल तर मालक ती रक्कम भाड्यात धरतो. शिवाय वर्षाकाठी व्यवसाय कर आहेच. तोही 1975 साली याच कारणासाठी बसवला गेला : खेड्यात हाताला काम नसलेल्या माणसाला सरकारने काम द्यावं आणि त्याचा खर्च शहरातल्या कमावत्यांनी उचलावा.

हा कर योग्य आहे, हे आधीच सांगून टाकतो. 1972च्या दुष्काळात मराठवाड्यातली बाया-माणसं रस्त्याकडेला खडी फोडत होती आणि सुकडीवर दिवस काढत होती. त्या दुष्काळातून रोजगार हमी राज्यभर गेली. वि. स. पागे यांच्या या कल्पनेला 1977 साली कायद्याचं बळ मिळालं आणि तो कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. देशाला मनरेगा मिळाली ती 2005 साली. तोवर महाराष्ट्राने हे आपल्या खिशातून निभावलं, आणि त्या खिशात दुकानदाराचाही पैसा होता.

हा पैसा नुसता खडीत गेला नाही. 1990 पासून रोजगार हमी योजनेतून (रोहयोतून) फळबाग लागवड सुरू झाली. अंबड-घनसावंगीकडे मोसंबी वाढली त्यात या योजनेचा हात आहे. आज जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला हे कोणी सांगितलंय का? सांगायला हवं होतं. कर कुठे जातो हे कळलं की तो देताना हात आखडत नाही.

माझी तक्रार कराच्या आकाराबद्दल आहे. राज्यघटनेच्या 276व्या कलमाने व्यवसाय कराची कमाल मर्यादा वर्षाला 2500 रुपये ठेवली आहे, आणि 1988 पासून ती जागची हललेली नाही. मंठ्यातल्या किराणा दुकानाची उलाढाल चाळीस लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी आली आणि व्यवसाय कर 2500 झाला. साखर-तेलावर सुटतात किती? क्विंटलमागे हाताला लागतं ते मोजकंच. आणि कोट्यवधींची उलाढाल असलेल्या सळईच्या मोठ्या व्यापाऱ्याला किती? 2500च. पगारदार महिलेला महिना 25 हजारांपर्यंत हा कर 2023 पासून माफ आहे. चांगलं झालं. पण बांगड्यांचं किंवा साड्यांचं दुकान स्वतः चालवणारी बाई जीएसटीत नोंदलेली असेल, तर तिला ही माफी नाही. घरात महिन्याला 25 हजार नेताना तिची दमछाक होते, तरी तिचा विचार कोणी केलेला नाही.

जगात असे राखीव कर इतरत्रही आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2024 पासून बंदुका आणि काडतुसांच्या विक्रीवर 11 टक्के कर लावला. तो पैसा हिंसाचार रोखण्याच्या कामांसाठी राखीव आहे. कोलोरॅडोत मतदारांनी नोव्हेंबर 2024 मध्ये असाच 6.5 टक्क्यांचा कर मंजूर केला, गुन्ह्यांत बळी पडलेल्यांना मदत आणि मानसिक आरोग्याच्या सेवा यांसाठी. तिथेही विक्रेते म्हणाले, गिऱ्हाईक शेजारच्या राज्यात जाईल, भुर्दंड आम्हाला. पण दोन्ही ठिकाणी लहान विक्रेत्याला वगळणारी मर्यादा कायद्यातच लिहिली आहे. कोलोरॅडोत वर्षाला वीस हजार डॉलरपर्यंतच्या विक्रीला हा कर नाही. बंदूक विकणाऱ्या छोट्या दुकानदाराचा विचार तिथे होतो, आणि इथे मीठ-मिरची विकणाऱ्याचा होत नाही!

आता मुद्द्याची गोष्ट. ज्या मजुरासाठी हा कर आहे, तोच या दुकानदाराचं गिऱ्हाईक आहे. मजूर विहिरीवर किंवा बंधाऱ्यावर काम करतो. ऑनलाइन हजेरी लागते, मस्टर भरतं, मग मोजमाप, मग तालुक्याच्या सह्या, मग आधार जोडलेलं खातं. पैसे पंधरा दिवसांत मिळायला हवेत असं कायदा म्हणतो. महाराष्ट्रात 2025-26 साठी रोजचा दर 312 रुपये ठरला. मजुरी खात्यावर पडेपर्यंत चूल थांबत नाही. मग बाई दुकानात येते : दोन किलो तांदूळ, अर्धा लिटर गोडेतेल, कपड्याचा साबण, पोराची वही. दुकानदार उधारीच्या वहीत मांडतो. ‘मस्टर निघालं की देते’ हे वाक्य ऐकल्याशिवाय त्याचा आठवडा जात नाही. त्याचा होलसेलवाला मात्र थांबत नाही. तो माल टाकतो तोच रोखीवर, फार झालं तर आठवड्याच्या मुदतीवर.

म्हणजे मजुरीसाठी हा माणूस आधी कर भरतो आणि मजुरी अडकली की तीच मजुरी उधारीने स्वतः पुरवतो. व्याज नाही, तारण नाही, पावती नाही. व्यवसाय कर भरायला उशीर झाला तर त्याच्याकडून व्याज वसूल होतं. ही उलटी रीत मला सहन होत नाही.

आणि निधीचं काय झालं? कायद्याने रोजगार हमी निधी उभा केला आणि गोळा झालेल्या कराइतकीच रक्कम राज्याने त्यात घालायची असं ठरलं. नव्वदच्या दशकानंतर अनेक वर्षं या करांतून रोहयोच्या खर्चापेक्षा जास्त पैसा आला आणि उरलेला पैसा राज्याच्या सर्वसाधारण खर्चात मुरला. मजुराच्या नावाने घेतलेला पैसा मजुराच्या वाटेवरच राहिला पाहिजे, नाहीतर ते नाव बिलावरून काढा.

आता निमित्त चालून आलं आहे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. हमी 125 दिवसांची झाली, पण खर्चाचा 40 टक्के भार राज्यावर आला. हा पैसा राज्य आणणार कुठून, हा प्रश्न मंत्रालयात आत्ताच विचारला जात असेल. उत्तर जर पुन्हा गल्ल्यातून येणार असेल, तर आधी लहान दुकानदाराला पायरी द्या : उलाढालीप्रमाणे चढता कर, खालच्या पायरीला माफी. वरची 2500ची मर्यादा संसदेशिवाय उठणार नाही, पण खालची रक्कम कमी करायला मुंबईला कोणाची परवानगी लागत नाही. आणि मजुरी पंधरा दिवसांत खात्यावर पडली नाही, तर सोळाव्या दिवशी ती याच राखीव निधीतून आगाऊ द्या, दिल्लीकडून नंतर वसूल करा. मंठा, परतूर, भोकरदन, जाफराबाद या चार तालुक्यांत एक हंगाम करून पाहा. जिल्हाधिकाऱ्यांनी प्रस्ताव पाठवावा, पालकमंत्र्यांनी तो अर्थ खात्यात रेटावा. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत.